उणे चाळीस अंश, मुक्काम सोलापूर
(डॅशबोर्ड, अगदी जवळून)

हा पिवळा दिवा. आकार इंजिनाचा. चावी फिरवली की बाकी दिव्यांबरोबर हाही लागतो आणि गाडी सुरू झाली की विझायला हवा. या गाडीत कधी विझतो, कधी विझत नाही. चार-चार दिवस जळत राहतो, मग आपोआप जातो. मालकांना वाटतं, गेली एकदाची पीडा. पुढच्या आठवड्यात तुळजापूरच्या घाटात दिवा पुन्हा हजर.

गाडी २०११ ची. तीन सिलिंडरची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. मालकांचा चादरी-टॉवेलचा धंदा, त्यामुळे मागची सीट एरवी गठ्ठ्यांनी भरलेली असते. आज तिथे एक कॅरीबॅग आहे.

(मिस्त्री कॅरीबॅग बाकावर रिकामी करतात)

स्पार्क प्लग. ऑक्सिजन सेन्सर. कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान मोजणारा सेन्सर. या एका दिव्यापायी गाडीतून काढलेले हे सगळे पार्ट. दर वेळी कुणीतरी स्कॅनर लावला, कोड वाचला, पार्ट बदलला, कोड पुसला आणि बिल हातात दिलं. या गॅरेजमध्ये पार्ट बदलण्याआधी मोजतात, म्हणून आम्ही इथे कॅमेरा लावला.

(स्टीलचा पेला, किटलीतलं उकळतं पाणी, मल्टिमीटर)

हे दृश्य आम्ही कुठेही कापलेलं नाही. बाद ठरवून काढलेला तापमानाचा सेन्सर मिस्त्रींनी मल्टिमीटरला जोडलाय. पेल्यात आधी माठातलं पाणी, आणि मीटरवर सेन्सरचा रोध साधारण पावणेदोन हजार ओहम. आता किटलीतलं पाणी हळूहळू ओतलं जातंय. आकडा बघत राहा. बाराशे... आठशे... पाचशे. थर्मामीटर ऐंशीला पोचतो, तेव्हा मीटर तीनशेच्या आसपास. कुठे अडखळला नाही, कुठे उडी मारली नाही. सेन्सर ठणठणीत आहे. तो काढला तेव्हाही ठणठणीतच होता.

मिस्त्री पेला बाजूला ठेवतात. "ह्याचा काही गुन्हा नव्हता ओ."

(स्टेअरिंगखाली, टॉर्चच्या उजेडात)

हा स्कॅनर जोडायचा सोळा पिनांचा सॉकेट. सोलापूरच्या गॅरेजवाल्यांची आणि त्याची ओळख जुनी आहे. १ एप्रिल २०१० ला देशातल्या १३ शहरांत भारत स्टेज ४ हा गाड्यांच्या धुराचा नियम लागू झाला, त्यात महाराष्ट्रातली तीन होती: मुंबई, पुणे आणि सोलापूर. सगळ्या देशात तो पोचायला २०१७ उजाडलं. या नियमाबरोबर ओबीडी आलं. गाडीच्या संगणकाने इंजिनावर आणि धुरावर नजर ठेवायची, काही बिनसलं तर कोड नोंदवायचा आणि हा दिवा लावायचा. कार्बोरेटरवर हात बसलेल्या मिस्त्रींना हे सगळं नव्याने शिकावं लागलं. शिकवायला कुणी आलं नव्हतं. या बाकावर त्यांच्या जुन्या वह्या आहेत, त्यांत हाताने काढलेली वायरिंगची चित्रं आहेत. ही पानं आम्ही मुद्दाम सावकाश दाखवतोय.

दिवा आपोआप का जातो, याचं उत्तर त्याच नियमात आहे. गाडी सुरू करून चालवली आणि बंद केली, ही एक फेरी. अशा सलग तीन फेऱ्यांत दोष दिसला नाही की संगणक दिवा मालवतो. दोष मिटला, असं तो कुठेही म्हणत नाही. कोड आठवणीत राहतोच. गार इंजिन साधारण ४० वेळा तापेपर्यंत तो पुसला जात नाही. (दिवा लुकलुकायला लागला तर मात्र मिसफायर होतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. तेव्हा गाडी लगेच बाजूला घ्या.)

(स्कॅनरचा पडदा)

कोड पी ०११८. कूलंटच्या सेन्सरकडून येणारा व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं, म्हणून सगळ्यांनी सेन्सर बदलला. पण कोड सांगतो तो तक्रारीचा पत्ता. त्या पत्त्यावर सेन्सर असतो, कनेक्टर असतो, दोन तारा असतात आणि शेवटी संगणकही असतो.

मिस्त्री थेट दुसऱ्या पानावर जातात. दोष आला त्या क्षणाची नोंद संगणकाने जपून ठेवलेली असते, ती इथे दिसते. गाडीचा वेग अगदी कमी, इंजिनावर भार भरपूर. म्हणजे गाडी थांबलेली होती आणि चढावर उचलली जात होती. आणि कूलंटचं तापमान? उणे ४०.

बाहेर सोलापुरात ४१ अंश आहे.

संगणक सेन्सरच्या तारेवर ५ व्होल्ट ठेवतो. पाणी तापलं की सेन्सरचा रोध कमी होतो आणि व्होल्टेज उतरतो, हे आपण पेल्यात पाहिलंच. मधेच तार सुटली तर व्होल्टेज उतरत नाही, पाचवरच राहतो. संगणकाच्या कोष्टकात त्याचा अर्थ गारठ्याचं शेवटचं टोक. म्हणून उणे ४०. आणि म्हणूनच हे दृश्य: सकाळची वेळ, गाडी नुकतीच सुरू झालेली, रेडिएटर हाताला गार, तरी पंखा भणाणतोय. तापमान कळेनासं झालं की इंजिन वाचवायला संगणक पंखा लावून मोकळा होतो.

(बॉनेट उघडं, मोबाइलवर तापमानाची रेषा)

आता तार शोधायची. मिस्त्रींची बोटं कनेक्टरपासून निघतात आणि वितीवितीने हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, हलवत मागे सरकतात. मोबाइलवरची रेषा ८८ वर सरळ. कनेक्टर हलवला, सरळ. नळीजवळ हलवला, सरळ. बॅटरीखाली हलवला, तरी सरळच.

मग ते हाताखालच्या पोराला आत बसवतात. हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर, गाडी पहिल्या गिअरमध्ये.

"क्लच सोड हळू. हळू रे... बास! आता रिव्हर्स."

इंजिन जागच्या जागी पुढेमागे डोलतं. तीन सिलिंडरचं इंजिन तसंही जास्त हलतं, जुन्या माउंटिंगवर तर आणखी. आणि ही बघा रेषा. ८८ वरून थेट खाली, उणे ४०. क्लच दाबला, पुन्हा ८८.

घाटात होत होतं ते हेच.

(हार्नेस, जवळून)

गिअरबॉक्सच्या वर हार्नेसला एक वळण आहे. तिथे तो बॉडीला धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप नाही, नुसतं भोक उरलंय. इंजिन डोललं की सगळा ताण या दोन तारांवर. वरचं आवरण शाबूत आहे, नुसत्या नजरेला काहीही दिसत नाही. मिस्त्री तार दोन चिमटींत धरून हलकेच ओढतात. चांगली तार ताणत नाही. ही ताणते, मधे बारीक होते, कारण आत तांबं उरलेलंच नाही. आवरण चिरल्यावर दिसतात काळपट-हिरवे पडलेले, तुटलेले धागे. एक-दोन अजून टेकलेले आहेत. गाडी सरळ रस्त्यावर होती तोवर तेवढ्यावर काम भागत होतं.

पीळ मारून टेप गुंडाळला की झालं, असं इथे चालत नाही. तेवढा भाग कापून त्याच जाडीच्या तारेचा तुकडा घातला जातो, सोल्डर होतो, वर हीट श्रिंकची, तापवली की आवळणारी नळी. तारेला थोडी ढील ठेवली जाते. रिकाम्या भोकात नवी क्लिप. पुन्हा क्लच, पुन्हा रिव्हर्स. रेषा जागची हलत नाही.

(बिलबुक)

सामानाची ओळ बघा: तार, नळी, क्लिप. शंभर रुपयांच्या आतलं काम. त्याखाली मिस्त्रींनी वेगळी ओळ लिहिलीय, 'फॉल्ट शोधण्याची मजुरी', आणि तो आकडा सामानाच्या कितीतरी पट आहे. बहुतेक घासाघीस याच ओळीवर होते. पिशवीतल्या पार्टचे पैसे कुणीही निमूट देतं, कारण पार्ट हातात येतो. दुपारभर बॉनेटखाली वाकून राहिलेला माणूस हातात काहीच देत नाही. हे पैसे मिळाले नाहीत तर तो उद्या शोधणं सोडून पार्ट बदलायला लागेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. या गॅरेजमध्ये ती ओळ छापील आहे, काम सुरू व्हायच्या आधी गिऱ्हाइकाला दाखवली जाते. प्रत्येक गॅरेजने ती छापावी, आणि आपण ती मागावी.

मालकांनी बिल पूर्ण दिलं. त्यानंतर गाडी घाट चढून तुळजापूरला जाऊन आली, दिवा लागला नाही. नोंदणीची पंधरा वर्षं भरत आली आहेत. नूतनीकरणाचा अर्ज भरून तयार आहे.