तीन दिवस शून्याखाली : एल पासोची गोष्ट

(दृश्य : फ्रँकलिन डोंगररांगेचा उघडाबोडका माथा. पायथ्याशी दोन्ही अंगांना पसरलेलं शहर. निरभ्र आकाश.)

टेक्ससच्या अगदी पश्चिम टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या काठावर एल पासो वसलंय. नदी ओलांडली की मेक्सिकोतलं सिउदाद ह्वारेस. देश दोन, शहरं दोन, पण दोघांना वेढणारं चिवावा वाळवंट एकच. वर्षभरात पाऊस पडतो तो जेमतेम नऊ इंच. इथली माणसं आपल्या गावाला कौतुकाने ‘सन सिटी’ म्हणतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीजवळ टेकला की ते नाव पटतं.

घरं बांधलीत ती उन्हापासून जीव वाचवायला. बऱ्याच छपरांवर कूलर बसवलेला दिसेल. ओल्या जाळीतून हवा खेचणारा, नागपूर-अकोल्याकडे खिडकीत असतो त्याच जातीचा. त्याला पाणी पुरवणारी बारीक तांब्याची नळी छपरावरून उघडीच गेलेली असते. जमिनीतले पाइपही फार खोल पुरलेले नसतात. पुरायचे कशाला? इथली जमीन खोलवर गोठत नाही.

थंडी इथे अगदीच नवखी आहे असं मात्र नाही. शहर समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहे आणि हवा कोरडी. हिवाळ्यातल्या रात्री चांगल्याच बोचऱ्या असतात. डिसेंबर १९८७ मध्ये तर इथे सुमारे २२ इंच बर्फ पडला होता. पण वाळवंटी थंडीची एक रीत असते. रात्री पारा गोठणबिंदूखाली उतरतो, सकाळी ऊन चढलं की वर येतो, आणि दुपारी स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो. घर असो, पाइप असो की वीजकेंद्र, सगळ्यांची भिस्त त्या दुपारच्या उन्हावर.

फेब्रुवारी २०११ मध्ये ते ऊन कामाला आलं नाही.

(दृश्य : उत्तर अमेरिकेचा नकाशा. कॅनडाकडून खाली सरकणारा निळा पट्टा.)

उत्तर अमेरिकेचा नकाशा नीट पाहा. रॉकी पर्वत उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलाय. पूर्व-पश्चिम आडवा पडलेला एकही मोठा पर्वत मध्ये नाही. आपल्या डोक्यावर हिमालय आडवा आहे, म्हणून सायबेरियाची हवा थेट आपल्या अंगावर येत नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले तरी आपल्याकडे वर्तमानपत्रात फोटो छापून येतो. तिथे मात्र ध्रुवाकडची जड, गार हवा एकदा निसटली की कॅनडातून सपाट मैदानांवरून थेट टेक्ससपर्यंत वाहत येते. तिला अडवणारं वाटेत कोणी नाही.

१ फेब्रुवारीच्या मंगळवारी ती एल पासोत शिरली. त्याच वादळाच्या उत्तर बाजूने शिकागोला बर्फात गाडलं होतं. इथे बर्फ थोडाच पडला, पण गारठा मुक्कामाला आला. बुधवारी भर दुपारीसुद्धा पारा उणे नऊच्या वर चढला नाही. गुरुवारी पहाटे तो उणे १७ अंश सेल्सियसला टेकला. तीन दिवसांहून अधिक काळ शहर सलग शून्याखाली राहिलं.

(दृश्य : वीजकेंद्राच्या नळ्या, वाफेचे लोट. कॅमेरा एका बारीक नळीवर स्थिरावतो.)

शहराच्या ईशान्य टोकाला न्यूमन वीजकेंद्र आहे. दुसरं, रिओ ग्रांदे वीजकेंद्र, हद्दीपलीकडे न्यू मेक्सिकोत. दोन्ही गॅसवर चालणारी. थंड मुलखात अशा केंद्राचा बॉयलर चार भिंतींच्या आत असतो. उष्ण मुलखात तो उघड्यावर बांधतात, कारण तिथली खरी डोकेदुखी असते उष्णता बाहेर कशी टाकायची ही. उन्हाळ्यात विजेची मागणी सर्वांत जास्त, म्हणून सगळी आखणीही उन्हाळ्याच्या हिशोबाने. यात कोणी मूर्खपणा केला असं मी म्हणणार नाही. वर्षातले बहुतेक दिवस ही आखणी बरोबरच ठरते.

आता ही बारीक नळी पाहा. बोटभर जाडीची. बॉयलरच्या ड्रममध्ये पाणी किती आहे, दाब किती आहे, हे कंट्रोल रूमला हिच्यामुळे कळतं. नळीत पाणी भरलेलं असतं. त्या साचलेल्या पाण्याचा दाब टोकाला बसवलेला ट्रान्समीटर मोजतो. पाणी नळीतच थांबलेलं असतं, वाहत नाही, आणि म्हणून ते सगळ्यांत आधी गोठतं. वर जोराचा वारा सुटलेला, जो उरलीसुरली ऊब ओरबाडून नेतो. नळी गोठली की ट्रान्समीटर भलताच आकडा दाखवतो. ड्रममध्ये पाणी असतानाही यंत्रणेला वाटतं, काहीतरी बिघडलंय. आणि बिघाड दिसताच वीज बनवणारा अख्खा संच बंद करायचा, हेच तिला शिकवलेलं असतं. ती संच बंद करते.

संच बंद पडला की त्याची स्वतःची ऊबही जाते. मग जे पाइप चालू यंत्राच्या उष्णतेने तग धरून होते तेही गोठतात. पुन्हा सुरू करायला जावं तर आधी नळ्या वितळवायच्या, एकेक करून, उणे पंधरा अंशांत, हातात हीटर घेऊन.

एल पासो इलेक्ट्रिक या कंपनीची स्थानिक केंद्रांतली सुमारे ६४६ मेगावॅट वीज १ ते ४ फेब्रुवारी या चार दिवसांत अशी हातची गेली. ॲरिझोनातल्या पालो व्हर्दे अणुवीजकेंद्रात कंपनीचा वाटा आहे. ती दूरवरची वीज चालू राहिली, म्हणून शहर पुरतं अंधारात बुडालं नाही. पण पुरवठा कमी आणि हीटरमुळे मागणी वाढलेली. २ ते ४ फेब्रुवारी, तिन्ही दिवस आळीपाळीने भारनियमन करावं लागलं. त्याचा फटका बसला २ लाख ५३ हजार ग्राहकांना.

भारनियमन महाराष्ट्राला नवं नाही. उन्हाळ्याच्या दुपारी पंखा बंद पडल्यावर काय होतं ते आपण भोगलंय. पण बाहेर उणे दहा असताना घरातला हीटर थांबतो तेव्हा तान्ह्या बाळाचं, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचं काय होत असेल, त्याचा अंदाज आपल्याला सहज येत नाही.

(दृश्य : रिकामा नळ. फुटलेला पाइप. छपरावरचा कूलर, टोकाला बर्फाचा गोळा.)

विजेपाठोपाठ पाणी गेलं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. पाइपात बर्फाचा बूच बसतो, बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर दाब चढत जातो आणि पाइप फाटतो. फाटला हे तेव्हा कळतही नाही. बर्फ वितळला की पाणी वाहायला लागतं, भिंतीतून, छतातून, छपरावरच्या कूलरच्या नळीतून. म्हणून तर थंडीत नळ थेंब थेंब चालू ठेवा असं सांगतात, दाब सुटत राहतो. पण हजारो घरांतले नळ असे चालू, हजारो पाइप फुटलेले आणि भारनियमनामुळे पंप बंद. शहराच्या टाक्या भराभर रिकाम्या होत गेल्या. वाळवंटातल्या शहराला पाणी जपून वापरायची सवय असते. आता त्यांना सांगितलं गेलं, शक्यतो वापरूच नका, आणि जे येईल ते उकळून प्या. शाळा बंद झाल्या.

गॅसचीही तीच गत. जमिनीतून गॅस निघतो तेव्हा त्यासोबत थोडं पाणी येतं. कडाक्याच्या थंडीत ते विहिरीच्या तोंडाशीच गोठतं आणि वाट अडवतं. पुढे गॅस ढकलणारे काही कॉम्प्रेसर विजेवर चालणारे. भारनियमनात तेही थांबले. गॅस नाही म्हणून वीज नाही, आणि वीज नाही म्हणून गॅस नाही. न्यू मेक्सिको, ॲरिझोना आणि टेक्सस मिळून ५० हजारांहून जास्त ग्राहकांचा गॅस गेला.

गेलेला गॅस परत आणणं हे बटण दाबण्याइतकं सोपं नसतं. नळीत दाब नसताना हवा शिरलेली असू शकते. घरातल्या हीटरमध्ये सतत तेवणारी बारीक ज्योत असते, तिला पायलट म्हणतात, तीही विझलेली असते. तसाच गॅस सोडला तर घर उडेल. म्हणून आधी प्रत्येक घराचा मीटर हाताने बंद करायचा, मग वाहिनीतली हवा काढायची, दाब भरायचा आणि पुन्हा प्रत्येक दारात जाऊन आत पायलट पेटवून द्यायचा. न्यू मेक्सिकोच्या उत्तरेकडे, ताओसच्या बाजूला, हे काम दिवसेंदिवस चाललं. मदतीला प्लंबर आले, नॅशनल गार्डचे जवान आले. दारोदार फिरून काडी लावणाऱ्या या माणसांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

(दृश्य : नदीपलीकडचं ह्वारेस. मग ओसाड हमरस्ता, दक्षिणेकडे.)

पलीकडे मेक्सिकोतही हीच थंडी होती. टेक्ससच्या मदतीला मेक्सिकोने वीज द्यायचं कबूल केलं होतं. पण उत्तर मेक्सिकोतलीच केंद्रं थंडीने बंद पडायला लागली आणि ती मदत थांबवावी लागली. चिवावा राज्यात आल्दामा नावाचं गाव आहे. तिथल्या प्राणिसंग्रहालयाची वीज गेली, हीटर थंड पडले आणि ३५ प्राणी गारठून मेले. १४ पोपट, १३ साप, पाच इग्वाना, दोन मगरी आणि एक कॅपुचिन माकड.

काही आठवड्यांनी एल पासोत आणखी एक नुकसान उघड झालं. रस्त्याकडेचे उंच मेक्सिकन फॅन पाम तपकिरी पडले. कण्हेरीची कुंपणंच्या कुंपणं जमिनीपर्यंत वाळली. ही झाडं बाहेरून आणून लावलेली. डोंगरावरची क्रिओसोट आणि ओकोतियो ही मूळची वाळवंटी झुडपं मात्र टिकून राहिली. अशा रात्री त्यांच्या कुळाने आधी पाहिलेल्या होत्या.

(दृश्य : जाडजूड अहवालाची पानं.)

माणसांनीही पाहिलेल्या होत्या, आणि याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. डिसेंबर १९८९ मध्ये टेक्ससमध्ये असाच कडाका पडला होता. तेव्हाही नळ्या गोठल्या, केंद्रं बंद पडली, भारनियमन झालं. राज्याच्या वीज आयोगाने नंतर सांगितलं की नळ्यांना आवरण घाला, त्यांना ऊब देणाऱ्या विजेच्या तारा गुंडाळा, वाऱ्याला आडोसा करा, हिवाळ्याआधी तपासणी करा. सांगितलं, पण बंधन घातलं नाही. पुढे काही हिवाळे सौम्य गेले आणि बऱ्याच ठिकाणी ते काम मागे पडलं. ऑगस्ट २०११ मध्ये केंद्रीय नियामकांचा अहवाल आला. त्यातल्या शिफारशी वाचताना जुनाच कागद पुन्हा हातात आल्यासारखं वाटतं. आणि या शिफारशीही बंधनकारक नव्हत्या.

एल पासोने त्या मनावर घेतल्या.

कंपनीने केंद्रांच्या नळ्यांना आवरणं घातली, गरम ठेवणाऱ्या तारा बसवल्या. शहराच्या पूर्वेला माँटाना नावाचं नवं वीजकेंद्र उभं केलं. २०१५ आणि २०१६ मध्ये त्याचे चार संच सुरू झाले. ते बांधतानाच उणे २३ अंशांपर्यंत चालावं असं ठरवलं होतं. एल पासोत आजवर नोंदलेला नीचांक जानेवारी १९६२ चा, उणे २२ चा आहे. म्हणजे गावाने पाहिलेल्या सर्वांत वाईट रात्रीच्याही एक पाऊल पुढे. शिवाय गॅस आला नाही तर तेलावर चालण्याची सोय, आणि ते तेल केंद्राच्या आवारातच साठवलेलं.

यानंतर दहा वर्षं गेली.

(दृश्य : फेब्रुवारी २०२१. ह्यूस्टन, ऑस्टिन, डॅलसच्या काळोख्या इमारती.)

१५ फेब्रुवारी २०२१ ची पहाट. टेक्ससच्या बहुतांश भागाला वीज पुरवणारं जाळं त्या रात्री संपूर्ण कोसळण्यापासून फक्त ४ मिनिटं ३७ सेकंद दूर होतं. ४५ लाखांच्या आसपास घरं आणि दुकानं अंधारात गेली, कित्येक तर काही दिवसांसाठी. राज्याच्या आरोग्य विभागाने मोजलेले मृत्यू २४६. त्यातली निम्म्याहून जास्त माणसं गारठून गेली, अनेकजण आपल्याच घरात. काहींनी ऊब मिळवायला बंद जागेत गाडी किंवा जनरेटर चालू ठेवला आणि कार्बन मोनॉक्साइडने त्यांचा जीव घेतला. ऑस्टिन-डॅलसमध्ये मराठी कुटुंबंही पुष्कळ आहेत. पुण्या-मुंबईत त्या आठवड्यात फोन हातात धरून बसलेले आईवडील कमी नव्हते.

एल पासोत? सुमारे तीन हजार ग्राहकांची वीज गेली आणि बहुतेकांची काही मिनिटांत परत आली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एल पासो टेक्ससच्या स्वतंत्र जाळ्यात नाही, ते पश्चिमेकडच्या राज्यांच्या जाळ्याला जोडलेलं आहे. शेजाऱ्यांकडून वीज घ्यायची वाट त्याला मोकळी होती. शिवाय २०२१ ची थंडी एल पासोत २०११ इतकी कडक नव्हती. पण २०११ मध्येही हे शहर त्याच पश्चिमेच्या जाळ्यात होतं, आणि तरी तीन दिवस भारनियमन झालं होतं. त्या वेळी आणि या वेळी बदललं होतं ते केंद्राच्या आवारात. आवरणं, तारा, आडोसे, तेलाच्या टाक्या.

२०२१ नंतर पुन्हा अहवाल आला. थंडीने गोठून जे संच बंद पडले त्यांची छाननी झाली. त्यातले ८१ टक्के बिघाड अशा तापमानाला झाले होते, जे तापमान आपल्याला सोसेल असं त्या संचांच्या कागदपत्रांतच लिहिलेलं होतं.

त्याच वर्षी टेक्ससच्या विधिमंडळाने वीजकेंद्रांना हिवाळ्याची तयारी सक्तीची केली. कुचराई केली तर दिवसाला दहा लाख डॉलरपर्यंत दंड. गॅसच्या विहिरी आणि वाहिन्या यांच्यासाठीचा नियम यायला ऑगस्ट २०२२ उजाडला. तोपर्यंत १९८९ च्या त्या डिसेंबरला बत्तीस वर्षं उलटून गेली होती.