यिर्झी हायेक : छोट्या देशाचा परराष्ट्रमंत्री

श्रोतेहो, नमस्कार.

२४ ऑगस्ट १९६८ रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत झेकोस्लोव्हाकियाचे परराष्ट्रमंत्री बोलले. त्यांच्या देशात तीन दिवसांपूर्वी, मध्यरात्रीच्या सुमारास, सोव्हिएत संघ, पोलंड, हंगेरी आणि बल्गेरिया यांच्या फौजा घुसल्या होत्या. कम्युनिस्ट पक्षाचे पहिले चिटणीस अलेक्झांडर डुबचेक आणि पंतप्रधान ओल्द्रझिख चेर्निक यांना सैनिकांनी पकडून नेलं होतं. प्रागमध्ये विनोहराडस्का रस्त्यावरच्या रेडिओच्या इमारतीसमोर लोक रणगाडे अडवत होते आणि त्यात माणसं मेली होती. इमारत हातची गेल्यावरही निवेदक ठिकाणं बदलत बदलत प्रक्षेपण चालू ठेवत होते. रेडिओवरून बोलताना त्यांची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

त्या मंत्र्यांचं नाव यिर्झी हायेक. आक्रमणाच्या वेळी ते युगोस्लाव्हियात सुट्टीवर होते. बेलग्रेडहून ते व्हिएन्नाला आणि तिथून न्यूयॉर्कला पोचले. परिषदेत त्यांनी सांगितलं की, आमच्या कुठल्याही घटनात्मक सत्तेनं या फौजांना बोलावलेलं नाही, आमच्याकडे प्रतिक्रांती वगैरे काही झालेली नव्हती, हा ताबा बेकायदा आहे आणि फौजा परत गेल्या पाहिजेत. हे बोलणारा माणूस कम्युनिस्ट होता. वीस वर्षं पक्षाच्या केंद्रीय समितीवर होता आणि सोव्हिएत मैत्रीवर त्याचा मनापासून विश्वास होता. त्यांच्याविषयी आज बोलावंसं वाटलं ते यामुळेच.

हायेक यांचा जन्म ६ जून १९१३चा, प्रागच्या दक्षिणेला असलेल्या क्रहानित्से या गावातला. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात ते कायदा शिकले आणि तरुणपणीच सोशल डेमोक्रॅटिक पक्षात गेले. ते पंचवीस वर्षांचे असताना म्युनिक घडलं. सप्टेंबर १९३८च्या अखेरीस जर्मनी, इटली, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी एकत्र बसून झेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला देऊन टाकला. ज्यांचा देश तोडायचा होता त्या झेकांना चर्चेत जागाच नव्हती. पुढच्या मार्चमध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये आल्या. त्याच वर्षी हायेक यांना अटक झाली आणि युद्ध संपेपर्यंतची वर्षं त्यांनी नाझी तुरुंगांत काढली. त्या पिढीच्या झेक माणसाच्या डोक्यात परराष्ट्र धोरणाचा पहिला धडा म्युनिकचाच होता. आपल्याविषयीचा निर्णय आपल्याला वगळून होऊ शकतो, हे त्यानं पाहिलं होतं. पश्चिमेनं दगा दिला आणि सोव्हिएत सैन्यानं सोडवलं, असा हिशेब तेव्हा अनेकांनी मांडला. हायेक त्यांतलेच एक.

आता पुढचा भाग. तो टाळून त्यांचं कौतुक करणं मला बरोबर वाटत नाही. १९४५ नंतर हायेक सोशल डेमोक्रॅट खासदार झाले, पण पक्षातल्या त्या गटात होते ज्याला कम्युनिस्टांशी एकजूट हवी होती. फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता ताब्यात घेतली आणि जूनमध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्ष कम्युनिस्ट पक्षात विलीन झाला. हायेक थेट केंद्रीय समितीत गेले. त्याच मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री यान मासारिक चेर्निन राजवाड्याच्या अंगणात, आपल्या खिडकीखाली मृतावस्थेत सापडले होते. चेर्निन राजवाडा म्हणजे परराष्ट्र खात्याची इमारत. मासारिक यांच्या जागी आलेले व्लादिमीर क्लेमेंटिस हे कट्टर कम्युनिस्ट. त्यांनाही स्लान्स्की खटल्यात, म्हणजे पक्षानं आपल्याच नेत्यांवर रचलेल्या बनावट खटल्यात गोवून डिसेंबर १९५२ मध्ये फाशी दिलं गेलं. त्याआधी जून १९५० मध्ये मिलादा होराकोवा या समाजवादी खासदार बाई फाशी गेल्या. नाझींच्या तुरुंगातून वाचलेली ही बाई आपल्याच देशातल्या न्यायालयाच्या हुकमानं मारली गेली. हे सगळं चालू असताना हायेक प्राध्यापक होते, पक्षाच्या केंद्रीय समितीवर होते आणि गप्प होते. स्वतः नाझींचा तुरुंग भोगलेल्या माणसाचं हे मौन मला फार खुपतं.

१९५५ ते १९५८ या काळात ते लंडनमध्ये राजदूत होते. १९५६ मध्ये बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले, तेव्हा प्रागचं सरकार मॉस्कोच्या पाठीशी उभं होतं आणि हायेक त्याच सरकारचे ब्रिटनमधले प्रतिनिधी होते. बारा वर्षांनी जो प्रश्न त्यांनी न्यूयॉर्कमध्ये मांडला, तोच हंगेरीचा प्रश्न होता.

नंतर ते परराष्ट्र खात्याचे उपमंत्री झाले आणि १९६२ पासून संयुक्त राष्ट्रांत देशाचे स्थायी प्रतिनिधी. मला वाटतं, त्यांची खरी घडण इथली. वसाहती सुटत होत्या, आफ्रिका-आशियातले नवे देश सभासद होत होते आणि प्रत्येक वादात संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम काढून बोललं जात होतं. १९६४ मध्ये झेकोस्लोव्हाकिया सुरक्षा परिषदेवर होता. त्याच वर्षी काश्मीरचा प्रश्न तिथे पुन्हा आला आणि भारताची बाजू मांडायला गेले होते आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती, तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री महंमद करीम छागला. सनदेवर बोट ठेवून युक्तिवाद करणारी अशी माणसं हायेक यांनी तिथे रोज ऐकली. संयुक्त राष्ट्रांत महासत्ता आपलंच खरं करतात, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण छोट्या देशाला आपलं म्हणणं जगाच्या नोंदीत घालण्यासाठी दुसरी जागा नाही, हेही त्यांना पक्कं कळलं.

१९६५ मध्ये ते शिक्षण आणि संस्कृती मंत्री झाले. जानेवारी १९६८ मध्ये डुबचेक पक्षप्रमुख झाले आणि एप्रिलमध्ये हायेक परराष्ट्रमंत्री. त्याच महिन्यात पक्षाचा कृती कार्यक्रम प्रसिद्ध झाला. त्यातलं परराष्ट्र धोरण आज वाचलं तर फार साधं वाटेल. सोव्हिएत संघाशी मैत्री कायम, वॉर्सा करार, म्हणजे सोव्हिएत गटाचा लष्करी करार, कायम. पण त्या चौकटीत आमचं स्वतःचं म्हणणं असेल, युरोपच्या राजकारणात आम्ही सक्रिय राहू, दोन्ही जर्मनींचं वास्तव धरून चालू, आणि पश्चिम जर्मनीतल्या समंजस शक्तींशी बोलू. म्युनिक करार मुळापासून रद्द मानला जावा, ही मागणीही होतीच. यात गट सोडून जाण्याची भाषा कुठेही नव्हती. हंगेरीनं १९५६ मध्ये वॉर्सा करारातून बाहेर पडण्याची घोषणा केली होती आणि त्याचं काय झालं ते प्रागनं पाहिलं होतं. त्यामुळे हायेक मुद्दाम जपून पावलं टाकत होते. बरोबरीच्या नात्यानं मित्र राहता येईल, अशी त्यांची खात्री होती.

मॉस्कोला बरोबरीच मान्य नव्हती. सोव्हिएत पक्षप्रमुख लिओनिद ब्रेझनेव यांना प्रागच्या वृत्तपत्रांवरची सेन्सॉरशिप उठल्याची जास्त भीती होती, आणि झेक परराष्ट्र धोरण कितीही आज्ञाधारक असतं तरी रणगाडे आले असते असं माझं मत आहे.

सुरक्षा परिषदेत या आक्रमणावर २१ ऑगस्टपासूनच चर्चा चालू होती. निषेधाचा ठराव आला. बाजूनं दहा मतं पडली, विरोधात सोव्हिएत संघ आणि हंगेरी, आणि तीन देश तटस्थ राहिले : अल्जीरिया, पाकिस्तान आणि भारत. सोव्हिएत नकाराधिकारानं ठराव पडला. भारत तेव्हा परिषदेचा सभासद होता. ठरावातला निषेधाचा सूर आपल्या सरकारला नको होता. शस्त्रांपासून पोलाद कारखान्यांपर्यंत सोव्हिएत मदत किती होती हे ध्यानात घेतलं, तरी ते मत चुकलं असंच मी म्हणेन. वसाहतवादाविरुद्ध बोलण्याचा आपला अधिकार ज्या तत्त्वावर उभा होता, तेच तत्त्व प्रागमध्ये मोडलं गेलं होतं. आणि असं वाटणारा माणूस त्या मंत्रिमंडळातही होता. आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेवर निवडून गेलेले अशोक मेहता, जुने समाजवादी, तेव्हा इंदिरा गांधींच्या सरकारात मंत्री होते. या भूमिकेशी मतभेद झाल्यावर त्यांनी राजीनामा दिला. झेकोस्लोव्हाकियासाठी दिल्लीतलं मंत्रिपद सोडणाऱ्या या माणसाचं नाव महाराष्ट्रात अजून घेतलं गेलं पाहिजे.

हायेक बोलले त्या वेळी राष्ट्राध्यक्ष लुडविक स्वोबोडा मॉस्कोत वाटाघाटी करत होते. २६ ऑगस्टला तिथे जो करार झाला, त्यावर झेक-स्लोवाक नेत्यांच्या सह्या घेतल्या गेल्या. फक्त फ्रान्तिशेक क्रिगेल यांनी सही नाकारली. त्या कागदात एक कलम असंही होतं की झेकोस्लोव्हाकियाचा विषय सुरक्षा परिषदेच्या कामकाजातून काढून घेतला जावा. तसंच झालं. म्हणजे हायेक यांनी मांडलेली तक्रार त्यांच्याच सरकारला मागे घ्यायला लावली गेली.

ते पश्चिमेत राहू शकले असते. त्यांच्यासारखेच युगोस्लाव्हियात अडकलेले उपपंतप्रधान ओटा शिक पुढे स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाले. हायेक मात्र प्रागला परतले. तोवर मॉस्कोच्या 'इझ्वेस्तिया'नं त्यांच्यावर मजकूर छापला होता. हा माणूस गेस्टापोशी, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांशी, सहकार्य करत होता, आणि याचं मूळ नाव कारपेलेस आहे, असा. ज्या वर्षांत ते नाझी कोठडीत होते त्याच वर्षांसाठी हा आरोप. आणि नावाचा उल्लेख कशासाठी, तर हा ज्यू आहे असं सुचवण्यासाठी. माहितीही खोटी, आणि ती खरी असती तरी ज्यू असणं हा गुन्हा ठरवण्याची ती रीत हिटलरचीच. समाजवादी देशाच्या सरकारी वृत्तपत्रात हे छापून यावं, याचा घाव हायेक यांना किती खोल लागला असेल! सप्टेंबरमध्ये त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं, १९७० मध्ये पक्षातून हकालपट्टी झाली, आणि विज्ञान अकादमीच्या इतिहास संस्थेतलं कामही काही वर्षांत गेलं.

इथून पुढची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ऑक्टोबर १९६८ मध्ये, हायेक पायउतार झाल्यावर काही आठवड्यांतच, झेकोस्लोव्हाकियानं मानवी हक्कांच्या दोन आंतरराष्ट्रीय करारांवर सह्या केल्या होत्या. एक नागरी आणि राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा. ऑगस्ट १९७५ मध्ये युरोपातली सुरक्षा आणि मानवी हक्क यांविषयीच्या हेल्सिंकीच्या अंतिम दस्तऐवजावर डुबचेक यांच्या जागी आलेले पक्षप्रमुख गुस्ताव हुसाक यांनी सही केली, आणि त्यानंतर ते दोन्ही करार मंजूर होऊन १९७६ मध्ये देशाच्या कायदेसंग्रहात १२० क्रमांकानं छापले गेले. सरकारनं हे केलं ते जगात प्रतिष्ठा मिळावी म्हणून. १ जानेवारी १९७७ अशी तारीख घातलेल्या 'सनद ७७' या निवेदनानं सरकारपुढे तोच क्रमांक ठेवला. हा तुमचा कायदा, तो पाळा, एवढीच मागणी. पहिल्या सह्या सुमारे अडीचशे. प्रवक्ते तीन : तत्त्वज्ञ यान पाटोचका, नाटककार वात्स्लाव हावेल आणि माजी परराष्ट्रमंत्री यिर्झी हायेक.

आंतरराष्ट्रीय कायद्याची जाण या तिघांत सर्वांत जास्त हायेक यांना होती. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी जे एका राज्याविरुद्ध दुसऱ्या राज्यासाठी मागितलं, तेच इथे राज्याविरुद्ध नागरिकासाठी मागितलं. सही केली आहे, तर ती पाळा. सरकारनं हावेल यांना तुरुंगात टाकलं. ६९ वर्षांचे पाटोचका डच परराष्ट्रमंत्री मॅक्स फान देर स्टूल यांना १ मार्चला भेटले, त्यानंतर पोलिसांच्या लांबलचक चौकश्यांत त्यांची प्रकृती ढासळली आणि १३ मार्च १९७७ रोजी ते वारले. हायेक यांच्यावर पहारा, पाळत आणि चौकश्या. तिघांतले ते एकटे काही काळ उघडपणे बोलणारे उरले.

सनदेतल्या सगळ्यांशी त्यांचं जमत होतं असं नाही. ते शेवटपर्यंत समाजवादी राहिले, सरकारशी संवाद व्हावा असा आग्रह धरत राहिले, आणि काही तरुणांना ते फार सौम्य वाटत. पण त्यांच्या विचाराला धार होती. देशांमधला तणाव कमी होणं आणि देशाच्या आत माणसाचे हक्क पाळले जाणं या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, असं ते सांगत. जे सरकार स्वतःच्या नागरिकाला दिलेलं वचन मोडतं, त्याच्या शांततेच्या करारावर शेजाऱ्यानं का विसंबावं? १९८८ मध्ये हेल्सिंकीतली वचनं पाळली जातात का हे पाहणारी झेकोस्लोव्हाक हेल्सिंकी समिती स्थापन झाली तेव्हा ७५ वर्षांचे हायेक तिचे अध्यक्ष झाले.

नोव्हेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली. ४ डिसेंबरला मॉस्कोत जमलेल्या, १९६८च्या आक्रमणात सामील असलेल्या देशांच्या नेत्यांनी ती कारवाई म्हणजे एका सार्वभौम देशाच्या अंतर्गत कारभारातला हस्तक्षेप होता आणि तो निषेधार्ह आहे, असं जाहीर केलं. त्यांत सोव्हिएत संघही होता. चेर्निन राजवाड्यात मंत्री म्हणून आले ते यिर्झी दीन्स्टबिअर. तेही पक्षातून काढलेले कम्युनिस्ट, सनदेवर सही केलेले आणि वर्षानुवर्षं बॉयलरवर काम केलेले. हायेक संसदेचे अध्यक्ष झालेल्या डुबचेक यांना सल्ला देत होते. शेवटचे सोव्हिएत सैनिक जून १९९१ मध्ये गेले. हेल्सिंकीच्या वाटेनं दोन्ही लष्करी गट मागे पडतील आणि साऱ्या युरोपची मिळून एक सुरक्षाव्यवस्था उभी राहील, अशी आशा त्या पिढीतल्या अनेक सुधारणावाद्यांना होती. ती पुरी झाली नाही. १ जानेवारी १९९३ रोजी झेकोस्लोव्हाकिया हा देशच दोन झाला, त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला हायेक वारले, आणि १९९९ मध्ये झेक प्रजासत्ताक नाटोत गेलं.

नमस्कार.