मॉरिशस : सोळा पायऱ्यांचे बेट

भाद्रपदात पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ढोल-ताशांचा गजर चालू असतो, त्याच दिवसांत हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटावर गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते आणि तेथील मराठी घरांतले लोक जाखडी नाचतात. जाखडी हा रत्नागिरीकडचा नाच. तो इतक्या दूर कसा पोहोचला, याचे उत्तर बहुतेक पुणेकर प्रवासी ज्यासाठी येथे येतात त्या किनाऱ्यांवर नव्हे, तर राजधानी पोर्ट लुईच्या बंदरात मिळते.

किनारे मात्र खरोखरच सुंदर आहेत. जवळजवळ साऱ्या बेटाभोवती प्रवाळांची भिंत असल्यामुळे लाटा बाहेरच फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे निवांत राहते. दक्षिणेला ग्री-ग्री येथे ही भिंत खंडित झाली आहे आणि तेथे समुद्र थेट काळ्या कड्यांवर आदळतो. पश्चिमेच्या फ्लिक-आँ-फ्लाकची सुरूची झाडे पाहून कोकणची आठवण येते.

जेवणात माशांचे ‘विंदाय’ चुकवू नये. तळलेले तुकडे मोहरी, हळद, लसूण आणि व्हिनेगर यांत मुरवलेले असल्याने ते कालवणापेक्षा लोणच्याच्या अधिक जवळ जाते. येथे ‘ऊरित’ म्हणतात त्या आठपायाचा (ऑक्टोपसचा) रस्साही भाताबरोबर आवडीने खाल्ला जातो. शाकाहारी मंडळींसाठी रस्तोरस्ती ‘ढोल पुरी’ मिळते. डाळीचे सारण भरलेली ही मऊ पोळी खाताना पुरणात गूळ घालायचा राहून गेला असावा, अशी शंका सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला आल्यावाचून राहत नाही.

डचांनी 1598 मध्ये आपल्या राजपुत्राच्या नावावरून बेटाला हे नाव दिले. त्यांच्याच काळात डोडो पक्षी नामशेष होत गेला. पुढे फ्रेंचांनी गुलामांच्या कष्टावर उसाचे मळे उभारले आणि 1810 मध्ये बेट ब्रिटिशांकडे गेले. 1835 मध्ये गुलामगिरी संपणार होती, पण उसाला हात हवेच होते. म्हणून 1834 पासून करारावर हिंदुस्थानी मजूर आणले जाऊ लागले आणि सुमारे पाऊण शतकाहून अधिक काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसे येथे उतरली. त्यांत बिहारकडचे लोक सर्वाधिक होते, तर मुंबई बंदरातून मराठी माणसे आली.

ती जेथे उतरली तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसास्थळ आहे. पूर्वी त्याला कुली घाटच म्हणत. बंदराकडून वर येणाऱ्या अवघ्या सोळा पायऱ्या चढल्या की माणसाला क्रमांक मिळे आणि एक-दोन दिवसांत त्याची रवानगी मळ्यावर होई.

या मजुरांच्या नोंदी आता मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. घरात क्रिओल ही फ्रेंचमधून घडलेली स्थानिक भाषा बोलणारे वंशज आपले मूळ गाव शोधत तेथे येतात. गावांची नावे कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी लिहिलेली असल्यामुळे, ती पुन्हा पुन्हा मोठ्याने उच्चारून पाहावी लागतात.