‘डेट’मध्ये बी आला कुठून?

श्रोतेहो, नमस्कार.

कर्ज या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहायचा डी-ई-बी-टी आणि म्हणायचा ‘डेट’. हा बी मुलांना हमखास अडवतो. तो बोलता बोलता गळून पडला असेल असं वाटतं, पण तसं नाही. फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हताच. डी-ई-टी-टी-ई असं साधं स्पेलिंग होतं. पुढे लॅटिनचा अभिमान असलेल्या विद्वानांनी मूळचा ‘डेबिटुम’ आठवून त्यातला बी इथे आणून बसवला. लिखाण बदललं, लोकांची जीभ बदलली नाही. ‘डाउट’मधला बी आणि ‘रिसीट’मधला पी याच वाटेने आले. ‘रिसीट’च्या सख्ख्या भावंडात, ‘डिसीट’मध्ये, मात्र पी टिकला नाही. ‘आयलंड’मधला एस तर निव्वळ गफलत आहे. हा शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला. लॅटिन ‘इन्सुला’शी त्याचं काहीच नातं नाही. त्या कुळातल्या ‘आइल’ या शब्दाच्या नादाने एस त्याला चिकटला.

‘नाइट’ म्हणजे सरदार, के-एन-आय-जी-एच-टी, याची तऱ्हा उलटी. यातला के पूर्वी खरोखर उच्चारत. जी-एच म्हणजे घशातून घासून येणारा, ‘ख’च्या जवळचा आवाज. एकूण उच्चार साधारण ‘क्निख्ट’. जर्मन माणूस गुडघ्याला आजही ‘क्नी’ म्हणतो. इंग्रजाने के लिहिण्यापुरता ठेवला.

असं का झालं? विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना सुरू केला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं, पण उच्चार पुढे बदलतच राहिले. सतराव्या शतकात के गळू लागला. 1755 मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा कोश आला, तोवर लिहिण्या-बोलण्यातलं अंतर कायमचं झालं होतं.

आपल्याकडेही ‘नांव’, ‘पांच’, ‘दांत’ असे न उच्चारलेले अनुस्वार लिहीत असत. ‘पंच’, ‘दंत’ या मूळ शब्दांची ती खूण होती. 1962 च्या मराठी लेखनाच्या नियमांनी असे अनुस्वार काढून टाकले. फार शहाणा निर्णय! इंग्रजीला असा नियम लावणारं महामंडळच नाही.

तेव्हा स्पेलिंग लक्षात ठेवायचं, तर शब्दाचं गोत शोधा. ‘साइन’मधला मुका जी ‘सिग्नल’मध्ये बोलतो. ‘मसल’मधला सी ‘मस्क्युलर’मध्ये, ‘ऑटम’मधला एन ‘ऑटम्नल’मध्ये आणि ‘डेट’मधला बी ‘डेबिट’मध्ये ऐकू येतो. ‘थम’ म्हणजे अंगठा, इथे ही युक्ती चालत नाही, कारण तिथे बी मुळात नव्हताच; ‘लॅम’, ‘क्लाइम’ यांच्या पंगतीत तोही बसला. अशा शब्दांसाठी एवढं धरून चाला: शेवटी एम-बी आलं की बी म्हणायचा नाही, आणि पुढे ‘इंग’ किंवा करणारा या अर्थाचा ‘अर’ लागला तरी नाही. म्हणून ‘क्लाइमिंग’, ‘क्लाइमर’. ‘टिंबर’मधला ‘अर’ असा जोडलेला नाही, शब्दाचाच भाग आहे. तिथे बी स्पष्ट म्हणायचा. नळ दुरुस्त करणाऱ्याला मराठीत आपण ‘प्लंबर’ म्हणतो. तो शब्द आता आपला झाला, तसाच म्हणावा. इंग्रजी वाक्यात मात्र ‘प्लमर’.