हीटरचं बटण शेवटपर्यंत कशाला फिरवता?

नमस्कार मंडळी! २०१८ च्या डिसेंबरात नागपुरात पारा साडेतीनवर आला होता, आठवते ना? पण आपल्याले तेवढं लागतच नाही, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री मिरवणारे आपण बाराला कानटोपी चढवतो. आणि मग हीटर काढला की बटण थेट शेवटच्या आकड्यावर, खोली लवकर तापेल म्हणून. नाही तापत!

आमच्या आत्याचं सांगतो. नागपुरातल्या महाल भागातली आत्या मुलीकडे टोरांटोला गेली, ऐन थंडीत. बाहेर उणे पंधरा, तळघरात घर तापवणारी गॅसची भट्टी आणि अख्ख्या घराचा थर्मोस्टॅट, म्हणजे किती डिग्री हवं ते लावायचं बटण, पॅसेजच्या भिंतीवर. जावई तो दिवसा वीसवर ठेवायचे, झोपताना सतरा. आत्याचा हिशोब शेगडीचा, बटण जास्त फिरवलं की आच मोठी, म्हणून ती सकाळी उठली की सत्तावीस करायची, जावई काही न बोलता परत वीस, जावई चहाला बसले की आत्या पुन्हा सत्तावीस, आणि मग उकडलं की हीच बाई खिडकी उघडायची! शेवटी मुलीने तिला घड्याळ देऊन बसवलं. एका सकाळी एकवीसवर लावलं, दुसऱ्या सकाळी सत्तावीसवर, आता सतराचे वीस व्हायला किती वेळ लागते ते तूच बघ. दोन्ही दिवशी जवळपास सारखाच! आत्या म्हणते, "मंग येवढे मोठे आकडे छापले काहून बाप्पा?"

तर तेच. आच तेवढीच असते, थर्मोस्टॅट फक्त कुठे थांबायचं ते ठरवतो. आपल्या ऑइल हीटरचंही तसंच, खोली बरी वाटली की बटण हळूहळू मागे फिरवा, टक् आवाज आला तिथेच राहू द्या. दोन हजार वॅटचा हीटर तासभर सलग चालला की दोन युनिट गेले. पुन्हा सांगतो, शेवटपर्यंत फिरवून लवकर तापत नाही.

गीझरचं थोडक्यात. दिवसभर चालू ठेवला की टाकीतलं पाणी निवते, थर्मोस्टॅट पुन्हा तापवते, तुम्ही ऑफिसात. आंघोळी आटोपल्या की बंद करा. आणि गीझरचा लाल लाईट विझला म्हणजे गीझर बंद झाला असं समजू नका, तो फक्त पाणी तापलं म्हणून थांबलेला असतो, भिंतीवरचं बटण चालूच असते.