टाकळघाटचा ओढा

श्रोतेहो, नमस्कार. उद्या 2 नोव्हेंबर, कॅथलिक मंडळींचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. कबरी धुणं, चुना, झेंडू, मेणबत्त्या, हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. त्यात वेळ घालवत नाही. मला सांगायचंय हिस्लॉपबद्दल.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजबद्दल नव्हे हो, माणसाबद्दल. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी. 1845 साली नागपुरात आले, शाळा काढली, गोंडांची गाणी उतरवून घेतली. शिवाय दगडांचं भारी वेड. प्रवचनाला निघालेला माणूस वाटेत जीवाश्म दिसला की बसलाच खाली!

तर 1863 चा सप्टेंबर. मध्य प्रांताचे ब्रिटिश प्रमुख, चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांचा मुक्काम नागपूरजवळच्या बोरीला. जवळच टाकळघाट. तिथे दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत. ती हजारो वर्षांपूर्वीची थडगी. आत मडकी, लोखंडाची हत्यारं सापडतात. मेलेल्याला पुढच्या वाटेवर लागेल म्हणून कुणीतरी ठेवलेली. ती पाहायला दोघं गेले. खोदकाम पाहून झालं, टेंपल परतले, हिस्लॉप मागे थांबले. मधे पाऊस झाला. आपल्याकडचा ओढा कसा असतो? सकाळी घोटाभर, संध्याकाळी पुरुषभर. अंधार पडला. छावणीत घोडा आला. पाठीवर कुणी नाही. घोडा आला, स्वार नाही. लोक कंदील घेऊन धावले. मिळाला तो देह. तारीख 4 सप्टेंबर. चार दिवसांनी त्यांना सेहेचाळीस पूर्ण झाली असती.

(आणि आपण? पुलावरून पाणी वाहतंय, पोलीस हात करतोय, तरी "निघते ना गाडी, काय होते!" म्हणत मोटारसायकल घालतोच. 2023 च्या सप्टेंबरात नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, अर्धं शहर पाण्यात होतं, तरी आमची खोड गेली नाही. असो.)

आता पुढचं. वीस वर्षांनी, 1883 साली, त्यांच्या नावानं कॉलेज निघालं. की लगेच आपले लोक हिशोब जुळवतात: बघा, देवाची योजना! तो गेला म्हणून हे झालं. मला हा हिशोब मुळीच पटत नाही. कॉलेज ते जगले म्हणून झालं, बुडाले म्हणून नव्हे. शोकसभेत माईक हाती आला की माणसं असलीच गणितं मांडतात. माझं चाललं तर शोकसभेतला माईकच काढून टाकीन.

बायबलमधला ईयोब आठवा, मुलंबाळं, धन, तब्येत सगळं गमावून बसलेला. त्याचे मित्र आले. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, गप्प. तोवर सगळं ठीक होतं. मग तोंडं उघडली, कारणं सांगू लागले: तूच काही पाप केलं असशील. शेवटी देव रागावला तो त्या कारणं सांगणाऱ्यांवर. भांडणाऱ्या ईयोबावर नाही. पुन्हा सांगतो, कारणं सांगणाऱ्यांवर. आणि ईयोबाला तरी 'का?' याचं उत्तर मिळालं का? नाही. देव भेटला, उत्तर नाही मिळालं.

ख्रिस्ती श्रद्धेत दुःखाला अर्थ येतो तो या भेटीमुळे, असं मला वाटतं. वधस्तंभावर खुद्द येशूनेही विचारलंच की, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? वरून आवाज आला नाही. त्याच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण पुनरुत्थानानंतरही तसेच राहिले. शंका घेणाऱ्या शिष्याला, थोमाला, त्याने तेच दाखवले.

वेळ संपत आली. एवढंच सांगतो. येशूचा मित्र लाजर मेला, येशू चार दिवस उशिरा पोहोचला, आणि मार्थेने तोंडावर ऐकवलं: तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. येशूने तिला दटावलं नाही. उलट 'पुनरुत्थान व जीवन मीच आहे' हे एवढं मोठं वाक्य त्याने ऐकवलं ते याच तक्रार करणाऱ्या बाईला. आणि थोड्या वेळात लाजर उठणार हे माहीत असूनही तो रडला. बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान, अध्याय अकरावा. रात्री जेवणं झाली की मोठ्यानं वाचा, दहा मिनिटं लागतील. नमस्कार.