थ्रॉटल साफ झाली, गाडी रेस का घेते?

(इंदूर, रामबाग. गल्लीतलं गॅरेज, उघडं बॉनेट.)

पेडलवर कुणाचा पाय नाही, तरी आरपीएमचा काटा पंधराशेवर. कालच थ्रॉटल बॉडी साफ करून घेतलेली. काका वैतागलेत: "अरे, साफ करायच्या आधी बरी चालत होती की!"

काकांचं म्हणणं खरं आहे.

(क्लोजअप: थ्रॉटल बॉडीतली पितळी रंगाची गोल चकती.)

इंजिनात किती हवा जाणार, हे ही चकती ठरवते. आजच्या बहुतेक गाड्यांत तिला केबल नसते. पेडलचा सेन्सर ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळवतो आणि छोटी मोटर चकती फिरवते. ती किती उघडली, हे दुसरा सेन्सर व्होल्टेजमधून सांगतो: बऱ्याच गाड्यांत बंद असताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास, पूर्ण उघडल्यावर साडेचारच्या. त्यातही सिग्नल दोन. दोघांची साक्ष जुळली नाही, की चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी पळायला नकार देते.

चकतीच्या कडेला काजळी धरते, हवेची फट बुजते. ईसीएम मुकाट्याने चकती जरा जास्त उघडून आयडल (पेडल न दाबता इंजिन फिरतं तो वेग) सांभाळतो आणि तो आकडा लक्षात ठेवतो. काल काजळी गेली, आकडा राहिला. म्हणून हवा जास्त शिरते. सेन्सर धडधाकट आहे. पण नेमकं इथेच कित्येकांच्या गळ्यात नवा सेन्सर मारला जातो.

(स्कॅनरची वायर स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये.)

इंजिन गरम, एसी बंद, हेडलाइट बंद, स्टिअरिंग सरळ. ईसीएमला जुना आकडा विसरून नवा शिकवायला स्कॅनरवर थ्रॉटल लर्निंग निवडायचं आणि पेडलपासून पाय लांब ठेवायचा. स्कॅनर नसेल, तर काही गाड्यांत बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून भागतं. मग घड्याळ आणि काचांचं ऑटो पुन्हा सेट करत बसा. निसानच्या काही गाड्यांत चावी ऑन करून ठरलेल्या सेकंदांत पेडल दाबण्या-सोडण्याची कवायत असते. कंपनीची पद्धत बघूनच करावं. आणि चावी ऑन असताना चकतीत बोट घालू नये. मोटर बोट ओळखत नाही.

(काटा साडेसातशेवर.)

आता एसी लावायचा. काटा जरा हलून जागेवर आला, तर काम झालं. चढाच राहिला, तर हवा चोरवाटेने शिरतेय: इनटेकचा पाइप, थ्रॉटलचं गॅस्केट आणि व्हॅक्यूमच्या नळ्या तपासायला घ्यायच्या.